यंत्रे दिलीत, आता ती चालवणारी माणसे द्या

प्रति,
मा. सचिव, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, भारत सरकार,
महाराष्ट्रातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू,
आणि सामायिक उपकरण केंद्रांचे प्रमुख यांस

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पीएच.डी.चे विद्यार्थीही माझ्याकडे आहेत. आमच्या प्रयोगशाळेत मफल फर्नेस (पदार्थ भाजायची भट्टी) आहे, हॉट प्लेट आणि स्टरर आहेत, एक यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. एवढ्या सामग्रीवर पदार्थ तयार करता येतो. पण तयार झाला तो हाच पदार्थ, त्याचे कण एवढे, त्याची रचना अशी, हे दाखवायचे तर एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पाहणारे), एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखणारे), टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूचे वस्तुमान मोजणारे) ही यंत्रे लागतात आणि त्यासाठी सॅम्पल बाहेर पाठवण्यावाचून गत्यंतर नसते. मुंबईला आयआयटीत, पुण्याला, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, धारवाडला, अगदी कोचीपर्यंत आमच्या भागातून सॅम्पल जातात. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी संशोधन करणाऱ्या आम्हा सगळ्यांचे काम यावरच चालते. ते आज ज्या पद्धतीने चालते आहे त्यात आमच्या मुलांची उमेदीची वर्षे वाया जात आहेत, म्हणून हे पत्र.

सामायिक केंद्रे असू नयेत असे माझे अजिबात म्हणणे नाही. प्रत्येक महाविद्यालयाला टीईएम घेऊन देणे देशाला परवडणार नाही आणि तशी गरजही नाही. 1970 च्या दशकात विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने (डीएसटीने) मुंबई आणि मद्रासच्या आयआयटी, लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था, चंडीगडचे पंजाब विद्यापीठ अशा ठिकाणी प्रादेशिक उपकरण केंद्रे काढली, ती नेमकी आमच्यासारख्यांसाठी. परकीय चलन जपून वापरायचे दिवस होते, महागडे उपकरण एका जागी ठेवून आसपासच्या सर्वांनी वापरावे हा विचार शहाणपणाचा होता. पुढे याच केंद्रांना सैफ (सोफिस्टिकेटेड ॲनालिटिकल इन्स्ट्रुमेंट फॅसिलिटी) हे नाव मिळाले. माझा स्वतःचा प्रबंध अशा केंद्रांवरच्या मोजमापांवर उभा आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. माझे गाऱ्हाणे एकच आहे. आपण यंत्रांसाठी पैसे देता, पण ती चालवणाऱ्या, सांभाळणाऱ्या आणि आमच्याशी बोलणाऱ्या माणसासाठी देत नाही. बाकीच्या बहुतेक तक्रारी इथूनच निघतात.

काय होते ते एका उदाहरणाने सांगते. माझी एक विद्यार्थिनी कोबाल्ट फेराइट या चुंबकीय पदार्थावर काम करते. धातूंची नायट्रेट आणि सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवायचे, अमोनियाने पीएच जुळवायचा आणि हॉट प्लेटवर ते आटवत न्यायचे. घट्ट जेल होते, ते तापता तापता एका क्षणी आपोआप पेट घेते आणि बीकरमध्ये फुललेली काळी राख उरते. ती खलात घोटून फर्नेसमध्ये तासन्‌तास भाजायची. आमच्याकडे दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून ही मुलगी पहाटे येऊन फर्नेस लावत असे. चिमूटभर चांगली पावडर हाती यायला किती राबावे लागते हे मी जवळून पाहिले आहे.

टीईएमच्या अर्जात रासायनिक रचना लिहायला जागा होती आणि ‘सॅम्पल चुंबकीय आहे का’ असा थेट प्रश्नही होता. तिने ‘होय’ लिहिले. विभागप्रमुखांचा सही-शिक्का, शुल्क भरल्याची पावती, झिपलॉकच्या पिशवीत लेबल लावलेली एपेनडॉर्फची नळी, सगळे कुरिअरने गेले. त्यानंतर काहीच नाही. पोच नाही, नोंदणी क्रमांक नाही. फोन वाजत राहायचा. कधी उचललाच तर “सर रजेवर आहेत”, मग “मशीन डाऊन आहे”, मग “नंबर लागला की कळवू”. दिवाळीची सुट्टी आली आणि संपली. दुसरे सत्र सुरू झाल्यावर एका ओळीचा मेल आला, की चुंबकीय सॅम्पल घेतले जात नाहीत. शुल्क परत मिळणार नाही हे त्याच ओळीत होते.

नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. चुंबकीय पावडर ग्रिडवरून (सॅम्पल ठेवायच्या जाळीवरून) सुटून टीईएमच्या चुंबकीय भिंगाच्या टोकाला, पोल पीसला, चिकटली तर दुरुस्ती फार महागात पडते, आणि त्याचा फटका इतर सर्वांना बसतो. पण हा निर्णय पाकीट उघडले त्याच दिवशी घेता आला असता. अर्जात उत्तर लिहिलेले होते. ते वाचायचे काम कोणाचे, हेच त्या केंद्रात ठरलेले नव्हते. दरम्यान, शोधनिबंधाच्या परीक्षकांनी टीईएमची चित्रे मागितली होती, त्यांची मुदत टळली आणि निबंध नव्याने दुसरीकडे पाठवावा लागला. त्या मुलीने या काळात काही चुकीचे केले नव्हते. तरीही तिला प्रगती अहवालात “काम अपेक्षित गतीने नाही” असा शेरा मिळाला.

या शेऱ्याची किंमत किती असते ते कुलगुरू महोदयांना सांगायला नको. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन. ज्याला जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) आहे त्याला 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात, ते ठरावीक काळापुरतेच. आमच्याकडच्या अनेक मुलांना कोणतीच फेलोशिप नसते. ती तासिका तत्त्वावर शिकवतात, शिकवण्या घेतात, शेतीच्या कामाला गावी जातात आणि उरलेल्या वेळात संशोधन करतात. फेलोशिपचे घड्याळ आणि नोंदणीचे घड्याळ मशीन बंद असल्यामुळे थांबत नाही. ज्या विद्यापीठाचे उपकरण सहा महिने बंद होते, तेच विद्यापीठ विद्यार्थ्याला विलंबाचा खुलासा मागते. हे मला अन्यायाचे वाटते आणि मी ते इथे जाहीरपणे लिहिते आहे.

उलट अनुभवही सांगायला हवा, कारण काय शक्य आहे ते त्यातून कळते. दुसऱ्या एका केंद्रात आम्ही एनएमआरसाठी एक सेंद्रिय संयुग पाठवले होते. अर्जात द्रावक म्हणून ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्म (एनएमआरसाठीचा खास क्लोरोफॉर्म) लिहिला होता. दोन दिवसांत तिथल्या ऑपरेटरचा फोन आला. “मॅडम, तुमचं सॅम्पल क्लोरोफॉर्ममध्ये नीट विरघळत नाहीये, ट्यूबच्या तळाशी बसतंय. डीएमएसओत घेऊ का? एनएचचा पीकही मग नीट दिसेल.” डीएमएसओ हा दुसरा द्रावक, आणि पीक म्हणजे स्पेक्ट्रमच्या आलेखावरचे शिखर. मी हो म्हटले. क्लोरोफॉर्मचा स्वतःचा पीक आलेखावर 7.26 पीपीएमला येतो आणि आमच्या रेणूतले ॲरोमॅटिक प्रोटॉन नेमके त्याच्या आजूबाजूला होते, म्हणजे तो अडथळाही गेला. स्पेक्ट्रम इतका स्वच्छ आला की पुन्हा पाठवावे लागले नाही. एका फोनने आमचे शुल्क वाचले, मशीनचा दुसरा स्लॉट वाचला, द्रावक वाचला. त्या गृहस्थांना रसायनशास्त्र कळत होते, पाच मिलिमीटरच्या नळीत पाहून काय बिघडणार आहे ते ओळखता येत होते आणि फोन करावासा वाटत होता.

ते अकरा महिन्यांच्या करारावर होते. दरवर्षी एक दिवसाचा खंड, पुन्हा मुलाखत, पुन्हा आदेश, पगार मात्र जवळपास तोच. नंतर कळले की ते एका औषध कंपनीत गेले. मी त्यांना दोष देत नाही, घर चालवायचे असते. त्यांच्या जागी नुकताच एम.एस्सी. झालेला मुलगा आला. कंपनीच्या इंजिनिअरने दिलेले थोडेफार प्रशिक्षण एवढीच त्याची शिदोरी. त्यानंतरच्या स्पेक्ट्रममध्ये शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखे जुळवणे) नीट झालेले नसायचे, पीक पसरट यायचे, जवळजवळच्या पीकच्या जोड्या वेगळ्या दिसायच्या नाहीत. त्या मुलाचाही दोष नव्हता. असे उपकरण हाताला बसायला वर्षे लागतात आणि हात बसेपर्यंत त्याचाही करार संपतो.

सचिव महोदय, आपल्या विभागाच्या योजनांतून विद्यापीठांना उपकरणे मिळाली आहेत. 2000 साली सुरू झालेल्या फिस्ट योजनेने तर अनेक विभागांचे रूप पालटले. पण अनुदान मुख्यतः खरेदीचे असते. वॉरंटी संपते, मग एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) प्रश्न येतो आणि फाइल वित्त विभागात फिरू लागते. एनएमआरच्या चुंबकाला द्रवरूप हेलियम लागतो, उणे 269 अंशांवर. दर काही महिन्यांनी तो भरावाच लागतो. भारतात हेलियम आयात होतो, त्यामुळे भाव आणि पुरवठा आपल्या हातात नसतो. वेळेत भरला नाही तर चुंबक क्वेंच होतो, म्हणजे तापून त्याचे चुंबकत्व जाते, उरलासुरला हेलियम वायू होऊन निघून जातो आणि यंत्र पुन्हा उभे करायला मोठा खर्च येतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी हेलियमची तरतूद वार्षिक अंदाजपत्रकात पक्की नसते. तीच गत यूपीएसच्या बॅटऱ्यांची आणि चिलरची (यंत्र थंड ठेवणाऱ्या संचाची). पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता वाढली की कुठले ना कुठले उपकरण बंद पडते. एसटी महामंडळाने नवी बस घेतली पण चालकाची जागा आणि डिझेलचे पैसे मंजूर केले नाहीत, तर ती आगारातच उभी राहणार. आमच्या अनेक विद्यापीठांत कोट्यवधींची उपकरणे तशी उभी आहेत.

यूजीसीने एकेकाळी विद्यापीठांत यूसिक (विद्यापीठ विज्ञान उपकरण) केंद्रे उभी करायला मदत केली होती. तिथे इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारे तंत्रज्ञ असत, काचेची भांडी घडवणारे कारागीर असत. जुन्या प्राध्यापकांना विचारा, ते त्या माणसांची नावे अजून घेतात. निवृत्त झालेल्यांच्या जागा पुढे भरल्या गेल्या नाहीत आणि ती विद्या त्यांच्याबरोबर गेली. आज आमच्याकडे एखाद्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा दिवा बदलायचा असला तरी मुंबईहून माणूस येण्याची वाट पाहावी लागते.

पंतप्रधानांच्या हस्ते 3 जानेवारी 2020 रोजी बेंगळुरूच्या सायन्स काँग्रेसमध्ये आय-स्टेम पोर्टल सुरू झाले, तेव्हा आम्हाला खरेच आनंद झाला होता. देशातले कोणते उपकरण कुठे आहे हे एका जागी पाहता येणे ही मोठी सोय आहे. 2022 मध्ये ‘श्रीमान’ मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांतही उपकरणे इतरांना खुली करण्याची आणि देखभालीची भूमिका योग्य आहे. पण उपकरण यादीत असणे आणि ते आज चालू असणे यांतले अंतर आम्हाला अजूनही फोन करून, ओळखी काढूनच कळते. ज्याचा गाईड केंद्रप्रमुखांचा वर्गमित्र आहे त्याचे सॅम्पल आधी लागते. ज्याची ओळख नाही तो वाट पाहतो. काही ठिकाणी तर मोजमापाच्या बदल्यात शोधनिबंधावर नाव घालण्याची अपेक्षा सूचित केली जाते. शुल्क घेऊन केलेल्या नेहमीच्या मोजमापासाठी सहलेखकपद मागणे सरळसरळ अयोग्य आहे. ऑपरेटरने विचार करून पद्धत बदलली, निकालाचा अर्थ लावला, तर नाव आनंदाने घालू. पण हे नियमात लिहून ठेवा, दाराशी आलेल्या विद्यार्थ्याला अवघडल्यासारखे करू नका.

निकाल कसा हातात मिळतो याबद्दलही थोडे बोलते. बहुतेकदा एक पीडीएफ येते. एनएमआरची मूळ एफआयडी फाइल (यंत्राने नोंदलेला कच्चा डेटा) मागितली की “ती देत नाही” किंवा “सीडी घेऊन या” असे उत्तर मिळते. यंत्राला जोडलेला संगणक जुना असतो, व्हायरसच्या भीतीने पेनड्राइव्ह लावू देत नाहीत, ही अडचण मला मान्य आहे. पण आजच्या मुलांच्या लॅपटॉपला सीडीची सोयच नसते. एफआयडी नसेल तर आलेखाची बेसलाइन (पायारेषा) दुरुस्त करता येत नाही, इंटिग्रेशन (पीकखालचे क्षेत्रफळ मोजणे) पुन्हा करता येत नाही, आणि आता अनेक नियतकालिके मूळ फाइल मागतात. पावडरचे पृष्ठफळ मोजणाऱ्या बीईटी पद्धतीचा अहवाल येतो, पण सॅम्पल कोणत्या तापमानाला आणि किती वेळ डीगॅस केले (तापवून त्यातले वायू काढले) हे त्यात नसते. ते माहीत नसेल तर पृष्ठफळाचा आकडा कशाशीही ताडून पाहता येत नाही. एक्सपीएसमध्ये (पृष्ठभागावरची मूलद्रव्ये ओळखणाऱ्या चाचणीत) कार्बनचा पीक 284.8 इलेक्ट्रॉन व्होल्टला धरून दुरुस्ती केली की नाही, तेही लिहिलेले नसते. या माहितीला वेगळा खर्च येत नाही, मोजणाऱ्याला ती ठाऊक असतेच. ती अहवालाच्या नमुन्यात छापून टाका.

मोजमापाच्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. संशोधन अनुदानावरचा कर सप्टेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने माफ केला, पण ज्याच्याकडे अनुदानच नाही आणि जो खिशातून पैसे भरतो, त्या विद्यार्थ्याला त्याचा काय उपयोग? त्याची पावती 18 टक्क्यांसकटच येते. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक मोजमापांना यातून सूट मिळावी यासाठी आपल्या विभागाने अर्थ मंत्रालयाकडे पाठपुरावा करावा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. सार्वजनिक केंद्रे उत्तर देत नाहीत तिथे एजंट उत्तर देतात. आमच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲपवर जाहिराती येतात. सगळी कॅरॅक्टरायझेशन (पदार्थाची मोजमापे) चार दिवसांत, सॅम्पल कुरिअर करा, ग्राफ मेलवर मिळतील. सॅम्पल कुठल्या यंत्रावर चालवले, कोणी चालवले, चालवले तरी का, हे कळायला मार्ग नसतो. माझ्यासमोर असा एक एक्सआरडीचा आलेख आला होता, ज्यातला पार्श्वभूमीचा गोंगाट इतका एकसारखा होता की तो खऱ्या मोजमापाचा वाटत नव्हता. मी तो वापरू दिला नाही. पण ज्याची मुदत संपत आली आहे, घरून “कधी संपणार” असे विचारले जाते आहे, त्या मुलाच्या हातात असा आलेख पडतो तेव्हा त्याच्यावर काय प्रसंग येतो याचा विचार करा. आपण संशोधनातल्या सचोटीवर कार्यशाळा घेतो, त्या आवश्यकच आहेत. पण प्रामाणिक मोजमाप वेळेत मिळण्याची सोय नसेल तर त्या कार्यशाळांतून मुलाच्या हाती काही लागत नाही.

म्हणून मागणे असे आहे. यापुढे एका ठरावीक किमतीवरच्या कोणत्याही उपकरणाला मंजुरी देताना, ते चालवणाऱ्या तांत्रिक अधिकाऱ्याचे नियमित पद आणि उपकरणाच्या अपेक्षित आयुष्यभराच्या देखभालीची रक्कम त्याच आदेशात असावी. पद मंजूर नसेल तर उपकरण घेऊ नये. चार यंत्रे घेऊन दोन बंद ठेवण्यापेक्षा दोनच घ्यावीत आणि ती वर्षभर चालवावीत. 2023 च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनलाही ही अट घालता येईल. या अधिकाऱ्यांना पदोन्नतीची शिडी असावी, प्रशिक्षणासाठी त्यांना राष्ट्रीय प्रयोगशाळांत पाठवावे आणि त्यांच्या कामाचे मोल प्राध्यापकाच्या कामाइतकेच धरावे. हे खर्चिक आहे, मला कल्पना आहे. पण एका बंद पडलेल्या टीईएमच्या किमतीत एका माणसाचा किती वर्षांचा पगार निघतो, याचा हिशेब आपल्या वित्त विभागाने एकदा मांडावाच.

कुलगुरू महोदयांकडे दोन गोष्टी मागते, ज्यांना केंद्र सरकारच्या पैशाची वाट पाहावी लागणार नाही. विद्यापीठाच्या स्वतःच्या किंवा मान्यताप्राप्त केंद्रातील उपकरण बंद असल्याचा लेखी दाखला विद्यार्थ्याने दिला, तर तेवढा काळ पीएच.डी.च्या मुदतीतून वगळता यावा, अशी शिफारस विद्वत परिषदेने करावी आणि ती यूजीसीपुढे मांडावी. तसेच बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःचे सॅम्पल चालताना यंत्राशेजारी बसू द्यावे आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात एक-दोन रात्री राहायची सोय व्हावी. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर बसून येणाऱ्या मुलाला पडद्यावर आपल्या पदार्थाचे कण प्रत्यक्ष दिसले, कुठे फोकस करायचा हे त्याने ऑपरेटरला सांगितले, तर निकाल सुधारतो आणि मुलगाही घडतो. मी हे स्वतःच्या विद्यार्थ्यांत पाहिले आहे.

आणि केंद्रप्रमुखांनो, तुमची ओढाताण मला कळते. तुम्हीही शिकवता, तुमचेही विद्यार्थी आहेत, केंद्राची जबाबदारी अनेकदा वरून टाकलेली असते. तुमच्याकडे माणसे नाहीत हे या पत्रात मी पुन्हा पुन्हा म्हटले आहे. पण काही गोष्टी आजच्या मनुष्यबळातही होतील. सॅम्पल आले की क्रमांकासह पोच द्या. अर्ज आल्या दिवशीच वाचा आणि घेता येणार नसेल तर तेव्हाच कळवा, शुल्क परत करा. मूळ फाइल द्या. उरलेले सॅम्पल परत पाठवा, आमच्याकडे ते पुन्हा बनवायला सोपे नसते. संकेतस्थळावर दर सोमवारी एक तक्ता टाका, ज्यात कोणते उपकरण चालू, कोणते बंद, अंदाजे कधी सुरू होणार आणि रांगेत किती सॅम्पल आहेत ते असेल. मशीन बंद आहे हे आधी समजले तर आम्ही दुसरीकडे पाठवू, तुमच्यावर रागावणार नाही.

या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको. यातल्या कोणत्या गोष्टी कधीपर्यंत करता येतील आणि कोणत्या करता येणार नाहीत, हे परिपत्रक काढून सर्व संलग्न महाविद्यालयांच्या संशोधन केंद्रांना कळवावे. करता येणार नसतील तर कारणही लिहावे. जूनमध्ये नव्या विद्यार्थ्यांची नोंदणी सुरू होते, त्यांनी विषय निवडण्याआधी ते आमच्या हाती असावे.

आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका व संशोधन मार्गदर्शक,
मराठवाडा